पोरांसाठी ठरलेलं विजापूर

निमोण्याच्या माझ्या माहेरच्या घरात दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक फोटो दिसतो. तो काढून टाका, असं मी भावाला आजवर तीनदा सांगितलं आहे. एकदा घराला रंग दिला तेव्हा, एकदा जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा आणि एकदा आई गेली तेव्हा. तिन्ही वेळा फोटो खाली उतरला, ओल्या फडक्यानं पुसला गेला आणि पुन्हा त्याच उंचीवर जाऊन बसला. मागं विजापूरचा गोलघुमट, पुढं आमची भावकी. पुरुष उभे, बायका बसलेल्या, उन्हानं सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. टोप्या आणि पदर मिळून सतरा माणसं आहेत. त्यात लेकरू एकच, आईच्या मांडीवर झोपलेला माझा भाऊ, दीड वर्षाचा.

ती सहल पोरांसाठी ठरली होती. फोटोकडं बघून हे कुणाला कळणार नाही, म्हणून मी ते दर वेळी मोठ्यानं बोलून दाखवते. घरातल्यांना आता ते पाठ झालं आहे. भाऊ म्हणतो, ‘ताई, पन्नाशी आली तुझी, सोड आता.’ का सोडू? फोटो लावायचं तुम्ही सोडलंत का, की मी बोलायचं सोडू?

यंदा दिवाळी झाल्यावर मी पुन्हा त्या फोटोसमोर उभी राहिले, पण या खेपेला माझ्या हातात गाडीची किल्ली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विजापूरला निघणार होतो. गाडी माझी, चालवणार मी. शेजारी भावाची बायको, म्हणजे आमची वहिनी. मागं तीन पोरं: भावाची मुलगी आरोही, तिचा धाकटा भाऊ पार्थ, आणि शिक्रापुरात आमच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या बिहारी कुटुंबातली पिंकी. पाच जागा, पाच माणसं. भावाला कांद्याची लागण होती आणि माझ्या नवऱ्याला कंपनीची ड्युटी. दोघांनाही मी अजिबात आग्रह केला नाही.

वहिनी आत दशम्या करत होती. दुधात मळलेलं पीठ तापल्या तव्यावर पडलं की एक गोडसर करपट वास सुटतो. तो वास मला नेहमी दहा वर्षांची करून टाकतो. तेव्हाही असाच वास सुटला होता, दोन दिवस सुटत होता, कारण आई डबाभर दशम्या करत होती. आणि त्यातली एकही माझ्या वाट्याला येणार नव्हती हे तिला किंवा मला माहीत नव्हतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विजापूर कुठून सुचलं कुणास ठाऊक. ते शेतातून येऊन हातपाय धूत होते, आणि तोंड पुसता पुसता म्हणाले, ‘यंदा पोरांना विजापूर दाखवायचं.’ बस्स. एवढं बोलून जेवायला बसले. पण मी ते ‘पोरांना’ बरोबर ऐकलं होतं. आमच्या घरात पोरांसाठी म्हणून काही ठरत नसे. पोरांना अंघोळ घातली जायची, जेवायला वाढलं जायचं, हाका मारल्या जायच्या, शेळ्यांमागं पाठवलं जायचं. पण एखादी आख्खी गोष्ट आमच्यासाठी ठरावी आणि मोठ्यांनी नुसतं सोबत यावं, असं आक्रीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग महिनाभर विजापूरच विजापूर. फिरकीचा तांब्या माळ्यावरून उतरला, चिंचेनं घासला गेला, उन्हात चमकला. सतरंजीची वळकटी बांधायची दोरी आम्ही चौघी चुलत बहिणींनी मिळून वळली. गोलघुमटात हाक मारली की ती सात वेळा परत येते, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. मग आम्ही विहिरीच्या काठावर पालथ्या पडून हाका मारायचो. विहीर एकदाच उत्तर द्यायची, तेही ओलसर, शेवाळाचा वास घेऊन. तिथं सात वेळा कसं येत असेल, पहिली हाक परत यायच्या आत दुसरी मारली तर काय होत असेल, यावर आमची भांडणं व्हायची. सर्वांत धाकटी सुमन म्हणायची, ‘आपण आठवी हाक परत येईस्तोवर थांबायचं.’ तिचं आम्हाला पटायचं.

रेल्वेनं जायचं असं आधी ठरलं होतं, आणि गाडीच्या वेळा विचारायला आबा मला दौंडला घेऊन गेले. एसटीनं गेलो. ते दौंड आता राहिलं नाही. कोळशाच्या धुरानं सगळं काळपट होतं, फलाट, खांब, हमालांच्या पंच्यांच्या कडा. इंजिनातून वाफ सुटली की पायांना ऊब लागायची. गरम लोखंडाचा वास, भिजलेल्या राखेचा वास आणि त्यात मधूनच वड्यांचा. आबांनी खिडकीत तीनदा विचारलं, कारण पहिल्या दोन वेळा त्यांना कळलं नाही आणि तसं म्हणायची लाज वाटली. मग कागदाच्या पुडीतला वडा अर्धा मला देऊन ते म्हणाले, ‘ह्यो रूळ बघ. ह्यो धरून गेलं की सोलापूर, आन् त्येच्या पुढं विजापूर.’ मी रुळाच्या शेवटाकडं पाहिलं. ऊन पडलं होतं आणि रूळ लांबपर्यंत चकाकत गेला होता. मला तिथून सगळं दिसतंय असंच वाटलं. आबा त्या दिवशी फक्त माझे होते, दिवसभर, आणि तसा दिवस पुन्हा आला नाही.

आता आमच्या भावकीची रीत सांगायला हवी. कुणाच्या घरून लांब जायला गाडी निघाली की त्यानं घरटी जाऊन विचारायचं असतं, ‘आम्ही चाललोय, येता का?’ ज्याला विचारलं त्यानं म्हणायचं असतं, ‘व्हय व्हय, तुम्ही जाऊन या, आमचं इथं काम हाय.’ विचारलं नाही तर मान दुखावतो. आणि विचारल्यावर कुणी यायचं नसतं. हे लहान पोरालाही कळतं. कुणी शिकवत नाही, पण कळतं. आबा रीतीनं घरटी फिरले. पहिल्या घरानं म्हटलं, येतो. दुसऱ्या घरानं म्हटलं, आम्हीबी येतो. त्या वर्षी भावकीला काय झालं होतं, देव जाणे. विचारणाऱ्यानं आपलं काम केलं आणि नको म्हणणाऱ्यांनी आपलं केलंच नाही. आबांना परत फिरता येईना. आठ दिवसांत रेल्वे गेली आणि भाड्याचा मेटॅडोर आला. गोलघुमटाच्या आधी तुळजापूर आलं, तुळजापूरच्या पुढं अक्कलकोट आलं, आणि एकेक देव वाढला तशी एकेक चुलत बहीण कमी झाली. ‘लेकरांचं काय, पुढच्या वर्षी नेऊ.’ हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की मला ते मंत्रासारखं वाटायला लागलं.

शेवटी मांडीवरचा भाऊ सोडला तर पोरांतली मी एकटी उरले. गाडी आबांनी ठरवलेली, म्हणून त्यांची पोरगी तरी जाणार, असं सगळे धरून चालले होते. पहाटे कालव्यावर धुकं होतं. मेटॅडोरच्या डिझेलचा वास, ओल्या पेंढ्याचा वास आणि बायकांच्या डोक्याला लावलेल्या खोबरेलाचा. मी मागच्या कोपऱ्यात आईच्या पायाशी वळकटीवर बसले होते. तेवढ्यात आबांचे चुलत भाऊ, आमचे तात्या, आले. तेव्हा ते तरणेबांड होते, डोक्याला तेल, मनगटाला घड्याळ. ‘मी न्हाई म्हणलं व्हतं, पण जमतंय,’ म्हणाले. गाडीत बोट शिरायला जागा नव्हती. सगळ्यांनी आबांकडं पाहिलं आणि आबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी उतरले. ही गोष्ट मात्र मी कुणाला बोलून दाखवत नाही. फोटोचा राग सगळ्यांना माहीत आहे, हा नाही. आबांचे हात माझ्या काखेत आले, पाय जमिनीला टेकले, आणि मी निमूट उभी राहिले, एवढंच मला आठवतं. रडले नाही, ओरडले नाही, एक शब्द नाही. शहाण्या मुलीसारखी. पुढं आयुष्यात जिथं जिथं मी गप्प बसले, लग्न ठरताना, कवठ्याला सासरी नांदताना, तिथं तिथं मला धुक्यात उभी असलेली ती पोरगी दिसली आणि तिचा संताप आला. भावकीचा राग एका फोटोवर काढता येतो. तिचा कुठं काढणार?

मेटॅडोर गेल्यावर आम्ही चौघींनी विजापूर केलं. शेताच्या चारीला पाणी नव्हतं, तळाशी मऊ काळा गाळ होता. पाटी पालथी घालून तिच्यावर आम्ही गाळ थापला आणि संध्याकाळपर्यंत तो वाळू दिला. मग पाटी हळूच काढली. घुमट उभा राहिला. कोपऱ्यांना चार मनोरे केले, ज्वारीच्या धाटांचे. दुसऱ्या दिवशी तट झाला, तटावर पपईच्या देठाची मुलुखमैदान तोफ झाली. चौघी चार बाजूंनी पोटावर पडलो आणि घुमटाला पाडलेल्या भोकात आळीपाळीनं हाका मारल्या. काहीच परत आलं नाही. सुमन म्हणाली, ‘मातीला वेळ लागतो.’ तिसऱ्या दिवशी चारीला पाणी सुटलं.

मोठी माणसं परतली तेव्हा त्यांच्या कपड्यांना धूळ आणि उदबत्तीचा वास होता. आम्हाला हिरव्या काचेच्या बांगड्या मिळाल्या आणि चिवड्याच्या पिशव्या. तात्यांनी आठ दिवस पारावर बसून विजापूर सांगितलं. टांगा कसा होता, तोफेच्या तोंडात माणूस कसा बसतो, घुमटात त्यांनी कशी शीळ घातली आणि ती कशी फिरली. मी मागं उभी राहून सगळं ऐकलं. त्यांना शीळ घालता येत नव्हती हे मला माहीत होतं. आबा मात्र विजापूरबद्दल कधीच काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

पुढचं वर्ष आलं नाही. तशी वर्षं पुष्कळ आली. सुमन लग्न होऊन लांब गेली, बाकीच्या दोघीही आपापल्या घरी गेल्या. फिरकीचा तांब्या कुणी नेला कळलं नाही. दौंडची वाफ गेली, विहिरीत आधी मोटर बसली, मग पाणी आटलं, मग भाऊ तिच्यात घरातलं भंगार टाकायला लागला. सासरच्या लोकांना सहल म्हणजे देव, आणि देव म्हणजे डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या सीटवर बसणं. मी बसले. मग आम्ही शिक्रापूरला राहायला आलो, नवऱ्यानं हायवेलगत खोल्या बांधल्या. तिथं चोवीस तास ट्रक. अंगणात बोलायचं तर ट्रक जाईपर्यंत थांबावं लागतं. त्या ट्रकांच्या गर्दीत, पंचेचाळिसाव्या वर्षी, मी गाडी चालवायला शिकले. शिकवणारा मुलगा म्हणायचा, ‘मावशी, घाबरू नका, तेच तुम्हाला चुकवतील.’ ते खरं निघालं. मग मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी ते वापरून पाहिलं.

पिंकी शेवटच्या खोलीत राहते. वडील कंपनीत वेल्डर, आई घरी ब्लाउज शिवते. पोरगी नऊ वर्षांची, मराठी शाळेत जाते. घरी हिंदी आणि वर्गात मराठी, त्यामुळं दोन्हींत थोडी जपून बोलते. एकदा कपडे वाळत घालताना ती माझ्याजवळ आली आणि पुस्तकातलं चित्र दाखवून म्हणाली, ‘आंटी, ये सच में सात बार बोलता है?’

चित्र गोलघुमटाचं होतं. माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

‘मालूम नहीं,’ मी म्हणाले. ‘मैंने देखा नहीं.’

‘इतने पास है, फिर भी?’

त्या पोरीनं गाव सोडून केवढा मुलूख पार केला होता, तिला विजापूर जवळच वाटणार. मी तिला काय सांगणार होते? भावकी, मेटॅडोर, तुळजापूर? मी म्हणाले, ‘दिवाली के बाद चलेंगे.’ आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ते खरंच म्हटलं आहे.

मग वहीत लिहायला बसले. पहिल्या पानावर पोरांची नावं, दुसऱ्यावर मोठ्यांची. हा क्रम मी मुद्दाम ठेवला. सकाळी सहाला निमोणे सोडायचं, न्हावऱ्यावरून चौफुला, तिथं सोलापूर रस्त्याला लागायचं, कुरकुंभला दौंडचा फाटा डाव्या हाताला सोडून सरळ पुढं. घुमटात शाळांच्या सहली यायच्या आधी, सकाळच्या पहिल्या वेळेला शिरायचं म्हणून आदल्या दिवशी विजापुरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी तोफ, तट आणि टांगा. आरोहीनं फोनवरून सांगितलं की टांग्यात पुढं ती बसणार. पार्थनं सांगितलं की तोफेला हात लावू दिला नाही तर तो येणार नाही. पिंकीनं काही सांगितलं नाही, पण तिच्या आईनं तिला नवा फ्रॉक शिवला, आणि उरलेल्या कापडाची माझ्यासाठी पिशवी. वाटेतला एकही देव मी वहीत घेतला नाही. देवांवर माझा राग नाही. पण त्यांना भेटायला लोक आहेत, माझ्या पोरांना विजापूर दाखवायला कुणी नाही.

आणि भावाला, वहिनीला बजावलं, ‘कुणालाही विचारायचं न्हाई. रीत म्हणून न्हाई, सहज म्हणून न्हाई. मान दुखावला तर माझ्या नावावर घाला.’

वहिनी व्हय म्हणाली. लग्न होऊन बारा वर्षं झाली, ती शिवेबाहेर गेली ती माहेरी आणि दवाखान्यात. तिनं दोन नवे गाऊन घेतले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून दशम्यांच्या डब्याखाली ठेवले होते.

सकाळी सहाला अंगणात चांगलीच थंडी होती. रात्री भिजवलेल्या कांद्याच्या वाफ्यांचा ओला वास येत होता. पोरं आधीच मागं जाऊन बसली होती. आबा दारातल्या खुर्चीवर, कानटोपी घालून, हातात काठी. त्यांचे गुडघे गेलेत, ते कुठं येत-जात नाहीत. मी डिकी बंद केली आणि वळले, तर फाटकातून तात्या येत होते. पांढरे कपडे, इस्त्रीची टोपी, हातात पिशवी. पंच्याहत्तरी झाली तरी ताठ. आणि त्यांच्या मागं त्यांचे व्याही, तेही पिशवी घेऊन.

मी वहिनीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

‘ताई,’ ती पुटपुटली, ‘काल दूध घालायला गेले तवा... आपलं विचारायचं म्हणून विचारलं वो. तोंडातून गेलं.’

तात्या गाडीजवळ आले. ‘म्हणलं, बायकामाणसं एकलीच चाललीत. सोबतीला बाप्या माणूस नको व्हय? आन् पाव्हणे बी आलेत, त्यांचंबी हुईल. वाटंत तुळजापूर करू. देव टाळून जाऊ नये.’ हे बोलताना त्यांनी पुढचं दार उघडून व्याह्यांना बसवलंही होतं. मग मागचं दार उघडून स्वतः आत सरकले. ‘पार्थला मी मांडीवं घेतो. आरोही आईपशी बसंल. ह्या पोरीचं काय, ती पुढच्या वर्षी यील.’

पार्थला ठेवून जाऊ असं कुणी म्हणालं नाही, हे मी ऐकून ठेवलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि पिंकी खाली उतरली. तिला अजून कुणी उतर म्हटलंही नव्हतं. नव्या फ्रॉकमध्ये, दप्तर छातीशी धरून, ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘आंटी, मैं रुक जाती हूँ. आबा के पास.’ चेहऱ्यावर रुसवा नाही, काही नाही. शहाण्या मुलीसारखी.

त्या शहाणपणानं माझं डोकं फिरलं. तात्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी एवढं फिरलं नसतं.

‘पिंकी, गाडी में बैठ,’ मी म्हणाले. मग वाकून मागच्या दारातून आत पाहिलं. ‘तात्या, उतरा.’

वहिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं.

‘काय म्हणालीस?’

‘जागा न्हाई, तात्या. पाच जागा, पाच माणसं. आन् ही सहल पोरांची हाय. सोबत मी हाये, ती पुष्कळ झाली.’

व्याही लगेच पुढच्या दारातून बाहेर आले. बिचारे सज्जन माणूस. ‘मला आपलं तात्या म्हणाले म्हणून आलो,’ ते म्हणाले, ‘माझं दोनदा झालंय विजापूर.’ तात्या मात्र बसून राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

‘पाव्हण्यांदेखत माझी अब्रू काढती व्हय? भावकीतला माणूस खाली आन् भाडेकऱ्याची पोर गाडीत? आबा, ऐकलं का? सांगा पोरीला.’

मी आबांकडं पाहिलं नाही. मला माहीत होतं ते काय करतील. भावकीपुढं ते कधी बोलले नव्हते, त्या पहाटेही नाही. आता बोलायची वेळ माझ्यावर आली होती आणि मी बोलले होते. ते खाली बघतील, काठीनं माती उकरतील आणि मग मला आबांशीही भांडावं लागेल. मी त्याचीही तयारी केली.

खुर्ची करकरली. आबा उठले. काठी टेकत, एकेक पाऊल मोजत, ते अंगण ओलांडून आले. त्यांना तेवढं चालायला इतका वेळ लागला की मधे कुणी बोलणंच बरं दिसेना. गाडीशी येऊन त्यांनी दाराला धरलं, दम घेतला, आणि दुसरा हात तात्यांपुढं केला.

‘उतर, तात्या.’

‘आबा, तुम्हीबी?’

‘उतर बाबा. मागल्या टायमाला तुझ्यापायी मी हिला उतरवलं. तवा ही माझ्या हाताला चावली व्हती. रगत काढलं व्हतं. तू काय चावायचा न्हाईस.’

तात्या कधी उतरले ते मी पाहिलं नाही. मी आबांकडं बघत होते.

‘मी?’ मी म्हणाले. ‘मी तर गप उतरले व्हते, आबा. मला आठवतंय की.’

‘गप?’ आबा हसले. दात नाहीत, तरी तोंडभर हसले. ‘कोण, तू? तिघं लागलो व्हतो आम्ही तुला उतरवायला. ड्रायव्हर बी खाली आला व्हता. समदी आळी उठून दारात. आन् गाडी शिव वलांडून गेली तरी तुझं वरडणं ऐकू येत व्हतं. विजापुरात मला घुमटात काय ऐकूच आलं न्हाई बघ दुसरं.’

मग त्यांनी पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला, दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, ‘जा. ऊन व्हायच्या आत निघा.’

न्हावऱ्यापर्यंत मी समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. वहिनीला वाटलं मी तिच्यावर रागावले आहे, आणि ती मधून मधून माझ्या मांडीवर हात ठेवत होती. रस्ता एकदोनदा पाण्यात बुडाल्यासारखा दिसला, मी पदरानं डोळे पुसले आणि ट्रकच्या पुढं गाडी काढली. मागं खिडकीच्या जागेवरून भांडण पेटलं होतं. आरोही ओरडत होती, पार्थ ओरडत होता, आणि थोड्या वेळानं पिंकीही ओरडायला लागली, आधी हिंदीत आणि मग मराठीत. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.